लोकमान्यांची कर्मजिज्ञासा

गणरायाच्या आगमनाने घरोघरी मांगल्याचा दरवळ पसरला आहे. दूर्वा, शमी, केवडा आणि धूप यांच्या सुगंधात आरतीचे स्वर मिसळत आहेत. विघ्नहर्ता, बुद्धिदाता अशा अनेक नावांनी आपण या देवतेस आळवतो. पण गजाननाचे आणखी एक रूप आहे, ते लेखकाचे. महर्षी व्यासांनी महाभारत सांगावे आणि श्रीगजाननाने ते लिहावे, अशी परंपरागत कथा आहे. सांगण्यात खंड पडता कामा नये, ही गणेशाची अट होती. आणि अर्थ समजल्याखेरीज एक अक्षरही लिहू नये, ही व्यासांची. आधी समजून घ्यावे, मग लेखणी उचलावी, हा या कथेचा बोध आहे. सार्वजनिक गणेशोत्सवाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या लोकमान्य टिळकांच्या चरित्रात हाच बोध फार कठीण प्रसंगी सिद्ध झालेला दिसतो.

लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. वडील गंगाधरपंत हे शिक्षक, संस्कृतज्ञ आणि गणिताचे मर्मज्ञ होते. बाळ दहा वर्षांचा असताना हे कुटुंब पुण्यास आले आणि त्याच वर्षी मातोश्री पार्वतीबाईंचे छत्र हरपले. १८७२ साली गंगाधरपंत अंथरुणास खिळले. त्या अखेरच्या दुखण्यात भगवद्गीतेवरील भाषाविवृती नावाची प्राकृत टीका वडिलांना वाचून दाखविण्याचे काम सोळा वर्षांच्या बाळाकडे आले. समोर मृत्युशय्येवर वडील, हाती गीता आणि पुढे पोरकेपण, असा तो काळ होता. गीतेचा भावार्थ त्या वयात पुरता उमगणे शक्य नव्हते. पण बालपणीचे ते संस्कार मनात खोल रुजले. त्याच वर्षी ऑगस्टअखेर गंगाधरपंत निवर्तले.

पुढे संस्कृत भाष्ये आणि टीका वाचताना तरुण टिळकांच्या मनात एक शंका उभी राहिली. आप्तेष्टांशी लढणे हे पाप आहे असे वाटून अर्जुनाने धनुष्य खाली ठेवले. त्याला पुन्हा युद्धास उभे करण्यासाठी भगवंतांनी गीता सांगितली. मग त्या गीतेत केवळ ज्ञानाने किंवा केवळ भक्तीने मोक्ष कसा मिळवावा, एवढेच विवेचन कशासाठी असेल? कोणत्या आचार्यांचे म्हणणे खरे, या वादात आयुष्य घालविता आले असते. पण टिळकांनी प्रश्नच बदलला. टीका आणि भाष्ये बाजूस ठेवून त्यांनी मूळ गीताच स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा वाचली, आणि अर्जुनाला नेमके काय हवे होते, हे स्वतःस विचारले. ज्ञान झालेल्या मनुष्याने कर्म टाकावे की करावे, हा त्यांच्या चिंतनाचा गाभा झाला. १९०२ साली नागपुरात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी आपले विचार मांडलेही होते. परंतु ग्रंथ लिहिण्यास सवड मात्र मिळेना.

ती मिळणार तरी कोठून? १८८० साली न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना, पाठोपाठ १८८१ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांचा आरंभ, १८८२ साली आगरकरांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस, मग डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि फर्ग्युसन कॉलेज! १८९३ सालापासून घरातला गणपती चौकात येऊ लागला, तेव्हा त्या उपक्रमास टिळकांनी ‘केसरी’तून बळ दिले. पुढे शिवजयंतीचा उत्सव, १८९७ सालचा राजद्रोहाचा खटला व दीड वर्षाची शिक्षा, आणि नंतर स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण व स्वराज्य यांची चळवळ. गीतेचा ग्रंथ मनात राहिला आणि दिवस देशकार्यात जात राहिले.

१९०८ साली मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांवरून सरकारने त्यांना पकडले. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे खटला चालला. टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली. २२ जुलै १९०८ च्या रात्री उशिरा ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरविले. सहा वर्षे काळे पाणी आणि एक हजार रुपये दंड, अशी शिक्षा झाली. दुसरा दिवस उजाडला तो त्यांच्या बावन्नाव्या वाढदिवसाचा. अंगी मधुमेह होता. सहा वर्षांनी परत येऊ की नाही, याची शाश्वती नव्हती. काही दिवस साबरमतीच्या तुरुंगात ठेवून सप्टेंबर महिन्यात त्यांना ब्रह्मदेशातील मंडालेस नेण्यात आले. काळ्या पाण्याची शिक्षा पुढे साध्या कैदेत बदलली, एवढीच काय ती सवलत.

मंडालेच्या तुरुंगातील त्यांची खोली लाकडी फळ्यांची होती. उन्हाळ्यात भाजून काढणारी उष्णता, हिवाळ्यात बोचरी थंडी आणि वाऱ्याबरोबर आत येणारी धूळ, यांना अडविणारे तेथे काही नव्हते. पुढे १९२५ साली सुभाषचंद्र बोस त्याच तुरुंगात बंदिवान होऊन गेले, तेव्हा अशा ठिकाणी लोकमान्यांनी सहा वर्षे काढली आणि तेथेच एवढे ग्रंथकार्य केले, हे पाहून त्यांचे मन आदराने भरून आले. बोलण्यास समानशील माणूस नाही, वर्तमानपत्र नाही, पत्रव्यवहारावर निर्बंध, आहारास पथ्य. अशा जागी कोणाही मनुष्याच्या मनात पहिला प्रश्न उठेल, तो असा की हे माझ्याच वाट्यास का आले? दुसरा प्रश्न उठेल, तो सुटका केव्हा होईल, हा. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कैद्याच्या हाती नसतात. म्हणूनच ते प्रश्न मनाला पोखरतात.

लोकमान्यांनी आपल्या मनाला या प्रश्नांच्या हवाली केले नाही. या खोलीत, या शरीराने, या साधनांनिशी आपल्याला काय करता येईल, हाच प्रश्न त्यांच्या दिनक्रमातून दिसतो, आणि त्याचे उत्तर त्यांच्या हाती होते. त्यांनी पुस्तके मागविण्याची परवानगी मिळविली. हळूहळू त्या खोलीत शेकडो ग्रंथ जमले. वेद, उपनिषदे आणि महाभारत होतेच. पाश्चात्य तत्त्वज्ञांचे ग्रंथही होते. बौद्ध वाङ्मयासाठी पाली आणि परकीय विद्वानांची मते मुळातून कळावी म्हणून फ्रेंच व जर्मन, अशा भाषांचा अभ्यास त्यांनी पन्नाशी उलटल्यावर तुरुंगात केला. शाई मिळत नसे. शिसपेन मिळे आणि पाने मोजून दिलेल्या बांधीव वह्या मिळत. तेवढ्यावर त्यांनी भागविले.

१९१० च्या हिवाळ्यात, कार्तिकाच्या आरंभी, त्यांनी लेखनास प्रारंभ केला. अवघ्या पाच महिन्यांत, फाल्गुन संपता संपता, ग्रंथाचा पहिला खर्डा हातावेगळा झाला. आधी समजून घ्यावे, मग लिहावे, ही व्यासांची अट जणू त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे पाळली होती. ‘गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र’ या नावाने पंधरा प्रकरणांचा तो ग्रंथ सिद्ध झाला. त्याच्या दुसऱ्या प्रकरणाचे नावच कर्मजिज्ञासा असे आहे. दोन कर्तव्ये परस्परांच्या आड उभी राहिली म्हणजे शहाणी माणसेही कशी गोंधळतात, याची उदाहरणे त्यांनी महाभारतातून दिली, तशीच शेक्सपिअरच्या नाटकांतूनही दिली. अर्जुनाचा मोह हा एकट्या अर्जुनाचा नव्हे. तो आपणा सर्वांचा आहे, हे त्यांनी दाखविले. ज्ञान व्हावे, भक्ती असावी आणि त्या दोहोंच्या पायावर निष्काम बुद्धीने लोकसंग्रहासाठी कर्म आमरण करीत राहावे, असा गीतेचा अर्थ त्यांनी लावला. हा अर्थ सर्वच संप्रदायांना मान्य झाला असे नाही. पण ज्याने तो लावला, त्याने तो तुरुंगात स्वतः जगून दाखविला, याविषयी दुमत नाही.

परीक्षा मात्र एवढ्यावर संपली नव्हती. जून १९१२ मध्ये पुण्याहून तार आली. पत्नी सत्यभामाबाई स्वर्गवासी झाल्या होत्या. संकटे शांतपणे सोसण्याची सवय असलेल्या या पुरुषाने, या वार्तेने आपण हादरून गेलो आहोत, हे भाच्यास लिहिलेल्या पत्रात मोकळेपणाने मान्य केले. अंतकाळी आपण जवळ नव्हतो, हे शल्य त्यांना लागून राहिले. दुःख झालेच नाही असे भासविण्यात मोठेपण नसतो. पण त्याच पत्रात त्यांची दृष्टी मुलांकडे वळली. त्यांच्या शिक्षणात खंड पडू नये, आपण तर याहूनही लहान वयात आईवडिलांना पारखे झालो होतो, आणि आपत्तीने मनुष्याने स्वावलंबी व्हावयाचे असते, असे त्यांनी कळविले. काय गेले याचा शोक करतानाच आता कोणाचे काय करावयाचे आहे, याचा विचार त्यांनी सोडला नाही. वडिलांच्या मृत्युशय्येपाशी ज्याने गीता हाती घेतली, त्याने ती पत्नीवियोगातही खाली ठेवली नाही.

जून १९१४ मध्ये सुटका झाली आणि मध्यरात्रीच्या सुमारास लोकमान्य पुण्यातील आपल्या वाड्यात परतले. परंतु गीतारहस्याच्या वह्या सरकारने लागलीच परत दिल्या नाहीत. दिवस जाऊ लागले तशी स्नेह्यांना काळजी वाटू लागली. सरकारने त्या दाबून ठेवल्या तर एवढे श्रम वाया जाणार! लोकमान्य मात्र निश्चिंत होते. वह्या सरकारकडे असल्या तरी ग्रंथ आपल्या डोक्यात आहे, सिंहगडावर बसून तो पुन्हा लिहून काढू, असे त्यांनी सांगितले. जे हातून गेले ते कसे मिळेल, यापेक्षा जे जवळ आहे त्यातून काय उभारता येईल, हीच विचारसरणी येथेही दिसते. सुदैवाने पुढे वह्या मिळाल्या, तुरुंगात संदर्भ न मिळाल्याने राहिलेल्या उणिवा भरून काढल्या गेल्या आणि १९१५ च्या जूनमध्ये पुण्यात ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर पाच वर्षांनी, १ ऑगस्ट १९२० रोजी, मुंबईच्या सरदारगृहात या कर्मयोग्याने देह ठेवला.

आपल्यावर मंडालेचा प्रसंग येत नाही. पण घरात दुखणे येते, परीक्षेत अपयश येते, ठरलेले लग्न मोडते, हातची नोकरी जाते. अशा वेळी आपली कोठडी आपणच बांधतो, आणि तिच्या भिंती बहुधा निरुत्तर प्रश्नांच्या असतात. श्रीगजाननापुढे आरतीनंतर हात जोडताना आपण पुष्कळ मागणी मागतो. या वर्षी मागण्याबरोबर एक प्रश्नही मनाशी करून पाहावा. आहे त्या परिस्थितीत, आहे त्या सामर्थ्याने, आज माझ्या हातून कोणते कर्तव्य घडू शकेल? उत्तर कदाचित फार लहान असेल, पाने मोजून दिलेल्या एका वहीएवढे आणि एका शिसपेनीएवढे. लोकमान्यांना तेवढे पुरले होते. बुद्धिदात्या गणरायाने आपणा सर्वांना तो प्रश्न विचारण्याची बुद्धी द्यावी, हीच या मंगल दिवशी त्याच्या चरणी प्रार्थना.