भट्टीची उष्णता मोजणारा कुंभार : जोसाया वेजवुड



आपल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत चिनी मातीची मूस आणि खल-बत्ता तुम्ही नेहमी हाताळता. अशी साधने संशोधकांच्या हाती देणाऱ्या एका थोर कुंभाराचा परिचय आम्ही या अंकात करून देत आहोत.

जोसाया वेजवुड यांचा जन्म १७३० साली इंग्लंडमधील बर्सलेम या कुंभारांच्या गावी झाला. १७३९ मध्ये वडील वारले आणि लहान वयातच ते घरच्या कारखान्यात कामाला लागले. पुढे देवीच्या आजाराने त्यांचा उजवा गुडघा कायमचा अधू झाला. पायाने चाक फिरवणे अवघड झाले, तेव्हा त्यांनी माती, झिलई आणि भट्टी यांच्या अभ्यासात मन घातले. १७६८ साली तो पाय कापावा लागला. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. तरीही लाकडी पाय लावून ते कामावर परतले आणि १७६९ मध्ये त्यांनी एट्रुरिया हा नवा कारखाना सुरू केला.

मातीच्या प्रत्येक मिश्रणाची ते वहीत नोंद ठेवीत. शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांना त्यांनी प्रयोगासाठी मातीची भांडी पुरवली. आम्लाचा परिणाम न होणारे त्यांचे कठीण खल रसायनशास्त्रज्ञांना आणि औषध बनवणाऱ्यांना फार उपयोगी पडले.

त्यांच्यापुढे एक मोठी अडचण होती. भट्टी किती तापली हे कारागीर केवळ रंग पाहून सांगत. पारा सुमारे ३५७ अंश सेल्सियसला उकळतो, म्हणून साधा तापमापक तेथे निरुपयोगी होता. माती भाजली की आकसते, हे वेजवुड यांना ठाऊक होते. त्यांनी मातीचे लहान तुकडे बनवले आणि एका बाजूस निमुळती होत जाणारी पितळी खाच तयार केली. भाजलेला तुकडा थंड करून खाचेत सरकवायचा. तो जितका आत जाईल तितकी भट्टीची उष्णता जास्त. हे उपकरण त्यांनी १७८२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. १७८३ मध्ये ते त्या संस्थेचे सदस्य झाले.

परंतु एकदा आकसलेला तुकडा पुन्हा वापरता येत नसे. प्रत्येक वेळी नवा तुकडा लागे आणि तो हुबेहूब पहिल्यासारखाच आकसला पाहिजे. येथेच खरी परीक्षा होती. खाणीतून आलेली दुसरी माती पहिल्यासारखी वागेना. तेव्हा मिश्रणात बदल करून तिला जुन्या मातीच्या बरोबरीला आणण्याचे कष्ट त्यांना घ्यावे लागले.

त्यांच्या मोजमापात चूकही होती. त्यांच्या हिशोबाने ओतीव लोखंड वितळण्याचे तापमान सुमारे १०,००० अंश सेल्सियस येई. प्रत्यक्षात ते १,२०० च्या आसपास असते. तरीही दोन भट्ट्यांच्या उष्णतेची तुलना आकड्यांनी करण्याचे साधन लोकांना मिळाले. १७८७ मध्ये गुलामीच्या विरोधात त्यांनी काढलेले पदकही गाजले. १७९५ साली त्यांचे निधन झाले. विख्यात शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन हे त्यांच्या मुलीचे पुत्र.

मित्रांनो, या जीवनातून आपण एक व्यावहारिक धडा घेऊ या. तापलेली मूस थंड फरशीवर ठेवू नका, ती तडकते. तडा गेलेली मूस लपवू नका. शिक्षकांना दाखवा आणि बदलून घ्या. नवी मूस घेतल्यावर ती तापवून, थंड करून तिचे वजन नव्याने करा. जुन्या मुशीचे वजन वहीत तसेच राहिले, तर पुढचे सारे गणित चुकते. नवी मूस दिसायला जुनीसारखी असली, तरी ती जुनी नव्हे. वेजवुड यांनी मातीच्या लहानशा तुकड्यासाठी एवढे कष्ट घेतले. आपण निदान एक वजन पुन्हा करू या.