रविवारी धावायला नकार देणारा एरिक लिडेल रविवारीच पंच म्हणून का उभा राहिला?

लंडनच्या एल्थम कॉलेज या खाजगी शाळेने आपल्या क्रीडा केंद्राला एका माजी विद्यार्थ्याचं नाव दिलंय. एरिक लिडेल.

१९०२ मध्ये चीनच्या तिएनत्सिनमध्ये जन्म, आईवडील मिशनरी. सहाव्या वर्षी भावासोबत तो या शाळेत आला. तेव्हा ही शाळा मिशनऱ्यांच्या मुलांसाठीच होती. इथे तो क्रिकेट आणि रग्बी या दोन्ही संघांचा कॅप्टन झाला. पुढे स्कॉटलंडकडून ७ रग्बी सामनेही खेळला.

१९२४ चं पॅरिस ऑलिम्पिक. १०० मीटर ही त्याची हुकमी शर्यत, पण प्राथमिक फेरी रविवारी. प्रार्थनेच्या दिवशी धावणार नाही, असं त्याने ठरवलं. 'चॅरियट्स ऑफ फायर' सिनेमात हे त्याला ऐनवेळी कळतं. प्रत्यक्षात वेळापत्रक काही महिने आधीच आलं होतं, त्यामुळे त्याने ४०० मीटरची तयारी केली. ४७.६ सेकंदांत विश्वविक्रमासह सुवर्ण! २०० मीटरमध्ये कांस्य वेगळंच.

पुढच्याच वर्षी तो चीनला शिकवायला गेला. १९४१ मध्ये युद्धाच्या धास्तीने गरोदर बायको आणि दोन मुलींना त्याने कॅनडाला पाठवलं. तो मागे राहिला आणि १९४३ मध्ये जपान्यांच्या वेइश्येन छावणीत कैद झाला. तिथे तो मुलांना विज्ञान शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा. रविवारी मात्र खेळ बंद. एकदा पंचाशिवाय खेळताना मुलांची मारामारी झाली. त्यानंतर पुढच्या रविवारी लिडेल स्वतः हॉकीचा पंच म्हणून उभा राहिला. सुवर्णपदकासाठी न मोडलेला नियम त्याने पोरांसाठी मोडला.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतल्या गाठीने तो छावणीतच गेला. वय ४३. तिसऱ्या मुलीला त्याने कधीच पाहिलं नाही.