कामराज आणि गावाजवळची शाळा

कमी पटाच्या ग्रामीण शाळा एकत्र कराव्यात, असा आग्रह आज अनेक राज्यांत धरला जातो. या चर्चेत मला के. कामराज यांचे चरित्र विशेष बोलके वाटते.

१५ जुलै १९०३ रोजी विरुदुनगर येथे जन्मलेल्या कामराजांचे वडील ते लहान असतानाच वारले. घरच्या ओढगस्तीमुळे शाळा अर्ध्यावर सुटली आणि मुलगा मामाच्या कापडदुकानात काम करू लागला. मिठाच्या सत्याग्रहात १९३० साली त्यांना तुरुंगवास घडला. पुढेही अनेक वर्षे कारावासात गेली. त्यांचे बरेचसे वाचन तिथेच झाले.

१९५४ च्या एप्रिलमध्ये ते मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. राजाजींच्या काळात ग्रामीण मुलांसाठी अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ घरच्या व्यवसायाचे शिक्षण, अशी योजना आली होती. ती जातिव्यवस्थेला बळ देते, या आक्षेपाने राज्य ढवळून निघाले. कामराज सरकारने ती मागे घेतली. त्यानंतर खेडोपाडी प्राथमिक शाळा आणि त्यांच्या टप्प्यात माध्यमिक शाळा उघडण्यात आल्या. १९५६ पासून प्राथमिक शाळांतील गरीब मुलांना दुपारचे जेवण मिळू लागले. पुढे शालान्त इयत्तेपर्यंतचे शुल्कही टप्प्याटप्प्याने माफ झाले. शाळासुधार परिषदांतून गावकऱ्यांनी जमीन, इमारती, बाके दिली. गावाने उभारलेली शाळा गाव सहजासहजी ओस पडू देत नाही, हे त्यामागचे मर्म मला दिसते.

मतदारांनी मात्र त्यांना अभय दिले नाही. १९६७ मध्ये विरुदुनगरातच एका तरुण विद्यार्थी नेत्याने त्यांचा पराभव केला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ते निवर्तले. त्यांचे धोरण मात्र पुढच्या सरकारांनी मोडले नाही. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी भोजन योजनेचा मोठा विस्तार केला. २०२१-२२ च्या पाहणीत उच्च शिक्षणातील एकूण नोंदणीचे प्रमाण तमिळनाडूत ४७ टक्के, तर देशात २८.४ टक्के होते. याचे सारे श्रेय एका व्यक्तीला देता येणार नाही. पण पाया तेव्हाचा आहे.

शाळा जवळ आली म्हणजे अध्यापन सुधारतेच असे नाही, हे मला मान्य आहे. परंतु विलीनीकरणाच्या हिशेबात सरकारचा वाचलेला खर्च दिसतो, कुटुंबावर पडलेले अंतराचे ओझे दिसत नाही. म्हणून कोणतीही शाळा बंद करण्यापूर्वी नव्या शाळेचे अंतर, वाहनाची सोय आणि नववीत टिकणाऱ्या मुलींची संख्या सरकारने ग्रामसभेपुढे मांडली पाहिजे.