लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे शिल्पकार रातंजनकर

लखनौ : मैफलीचा गवई म्हणून लौकिक मिळवण्याची तयारी असताना पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी उमेदीची जवळपास तीन दशके लखनौतील एका महाविद्यालयाला दिली. त्यांच्या शेकडो बंदिशींचा मोठा वाटा याच वर्षांतला आहे.

मुंबईत जन्मलेल्या रातंजनकरांचे वडील पोलीस खात्यात होते. बालवयात त्यांना अंतुबुवा जोशी यांची तालीम मिळाली. पुढे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी शास्त्राची दृष्टी दिली, तर बडोद्यात उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडून आग्रा घराण्याची गायकी लाभली. पोथी आणि गळा यांचा असा मेळ त्या काळी दुर्मीळच होता.

भातखंडे यांनी 1926 मध्ये लखनौत संगीत महाविद्यालय स्थापन केले. तत्कालीन गव्हर्नरांच्या नावावरून ते मॅरिस कॉलेज म्हणून ओळखले गेले. 1928 मध्ये रातंजनकर त्याचे प्राचार्य झाले. घराण्यांची विद्या वर्गात शिकवता येते, हे गवयांच्या या शहरात सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. 1936 मध्ये भातखंडे निवर्तले, तेव्हा तर ती एकट्याचीच झाली.

त्यांची रचनाशक्ती या अध्यापनातूनच फुलली. रागाची लक्षणे विद्यार्थ्याला गाता गाता कळावीत, यासाठी त्यांनी लक्षणगीते बांधली. ख्याल, तराणे रचले आणि दाक्षिणात्य वर्णमाचा प्रकार हिंदुस्थानी रागांत आणला. मार्ग बिहाग, सालगवराळी हे रागही त्यांचेच. बंदिशींत त्यांनी ‘सुजान’ ही मुद्रा योजली. ‘अभिनव गीतमंजरी’च्या तीन भागांत हे धन साठले आहे. रुक्ष व्याकरणकार हा त्यांच्यावरील शिक्का या रचना ऐकल्यावर टिकत नाही.

टीका मात्र त्यांच्या वाट्याला भरपूर आली. माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीच्या कलावंतांची श्रेणी ठरवणाऱ्या चाचणी मंडळाचे प्रमुखपद त्यांनी स्वीकारले. वयोवृद्ध उस्तादांची परीक्षा घेणे अनेकांना अवमानकारक वाटले. कलावंतांनी तीव्र निषेध केला. महाविद्यालयात रुजलेली पद्धत मैफलीच्या दुनियेला सहजी मानवणारी नव्हती.

1957 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढे खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे ते कुलगुरू झाले. 14 फेब्रुवारी 1974 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हाताखाली व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग, सुमती मुटाटकर, दिनकर कायकिणी, चित्रपट संगीतकार रोशन असे नाना प्रकृतींचे शिष्य घडले. चिदानंद नगरकर, के. जी. गिंडे आणि एस. सी. आर. भट यांनी लखनौची ही विद्या मुंबईत आणून पुढल्या पिढीला शिकवली.