दोन्ही बाजू सांभाळणाऱ्या गर्ट्रूडबाई

मूत्रपिंडरोपण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शल्यविशारद उभा राहतो. मला मात्र आठवतात गर्ट्रूड एलियन. या बाईंनी हाती कधी शस्त्र धरले नाही. पण दुसऱ्याचे मूत्रपिंड माणसाच्या शरीरात नांदू लागले, याचे मोठे श्रेय त्यांच्या प्रयोगशाळेकडे जाते.

२३ जानेवारी १९१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील लिथुआनियातून आलेले दंतवैद्य. १९२९च्या मंदीत घरची पुंजी बुडाली. त्या पंधरा वर्षांच्या असताना आजोबा पोटाच्या कर्करोगाने गेले आणि मुलीने रसायनशास्त्राची वाट धरली. फी नसलेल्या हंटर कॉलेजातून १९३७ मध्ये त्या पदवीधर झाल्या. पण प्रयोगशाळेत मुलगी कोणाला नको होती. लोणच्याचा आंबटपणा तपासण्याची नोकरीही त्यांनी केली. १९४१ मध्ये त्यांचा वाग्दत्त वर हृदयाच्या जंतुसंसर्गाने गेला. पेनिसिलिन तेव्हा लोकांपर्यंत पोचले नव्हते. बाईंनी पुढे लग्न केले नाही.

१९४४ मध्ये बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली त्या रुजू झाल्या. पीएच.डी.साठी नोकरी सोडण्याची अट आली, तेव्हा त्यांनी पीएच.डी.वरच पाणी सोडले. दोघांची कल्पना साधी होती. वाढणाऱ्या पेशीला डीएनए घडवायला जो माल लागतो, त्याचीच खोटी प्रत तिच्या पुढ्यात ठेवायची. त्यातून रक्ताच्या कर्करोगावरचे ६-मर्कॅप्टोप्युरीन निघाले. ते प्रतिकारशक्तीलाही आवरते, हे १९५९ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी सशांवर दाखवले. त्याचेच भावंड अ‍ॅझाथायोप्रिन. १९५४चे पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण एकसारख्या जुळ्या भावांमधले होते. १९६२ मध्ये या गोळीच्या बळावर बोस्टनच्या जोसेफ मरे यांनी मृत दात्याचे मूत्रपिंड नात्यात नसलेल्या रुग्णाच्या शरीरात वर्षाहून अधिक काळ चालवून दाखवले.

पण पहारेकऱ्याला झोपवले की चोरालाही रान मोकळे. आमच्या घरी आईने माझ्या धाकट्या भावाला मूत्रपिंड दिले, तेव्हा हे कळले. तिसऱ्या महिन्यात त्याला ताप चढला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. निदान झाले सायटोमेगॅलो विषाणूचे. बहुतेकांच्या शरीरात तो लहानपणीच शिरून निमूट पडून असतो. कधी दात्याच्या मूत्रपिंडाबरोबरही येतो. प्रतिकारशक्ती मंदावताच तो डोके वर काढतो. गोळ्या चालू ठेवाव्यात तर विषाणू माजतो, थांबवाव्यात तर शरीर मूत्रपिंड नाकारते. आईने काय करावे?

या पेचाच्या दुसऱ्या टोकालाही गर्ट्रूडबाईच भेटतात. १९७०च्या दशकात त्यांच्या गटाने असायक्लोव्हिर पुढे आणले. नागीण झाल्यावर डॉक्टर देतात तेच हे औषध. विषाणू शिरलेल्या पेशीतच ते जागे होते, कारण त्याला जागे करणारे विकर विषाणूच पुरवतो. निरोगी पेशी बहुतांशी वाचतात. सायटोमेगॅलोवर ते तितके चालत नाही. त्यावर त्याच्याच घराण्यातले गॅन्सिक्लोव्हिर उपयोगी पडते. भावाला तेच दिले, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या मोजून कमी केल्या, आणि आईचे मूत्रपिंड वाचले.

१९८८ मध्ये हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासह बाईंना नोबेल मिळाले. पीएच.डी. नसलेल्या या विदुषी २१ फेब्रुवारी १९९९ रोजी निवर्तल्या.

काम मात्र संपलेले नाही. मूत्रपिंडरोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत सापडलेला आणि १९७१ मध्ये जगापुढे आलेला बीके विषाणू नवे मूत्रपिंड आतून पोखरतो, आणि त्यावर अजून खात्रीचे औषध नाही. तो वेळीच शोधायचा आणि गोळ्यांचे प्रमाण उतरवायचे, एवढेच हाती आहे. म्हणून ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी साधा तापही अंगावर काढू देऊ नये, तपासण्यांची तारीख चुकवू नये आणि गोळी आपल्या मनाने कमी-जास्त करू नये. हा तोल राखणे डॉक्टरांचे काम. त्यांच्यापर्यंत वेळेत पोचणे आपले.