बॅरिस्टर आंबेडकर

सावित्री नदीच्या खाडीने समुद्रावरून आत गेले म्हणजे महाड हे जुने व्यापारी गाव लागते. आज ते रायगड जिल्ह्यात आहे. पूर्वी या जिल्ह्यास कुलाबा म्हणत. या गावात चवदार तळे नावाचे मोठे तळे आहे. त्याचे पाणी गुराढोरांना मोकळे होते. अस्पृश्य मानलेल्या माणसांना मात्र ते वर्ज्य होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात झाला. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही तो स्वीकारला. पण ठराव दप्तरात पडून राहिला आणि तळ्यावरची बंदी कायम राहिली.

त्याच १९२३ साली डॉ. भीमराव आंबेडकर विलायतेहून बॅरिस्टर होऊन मुंबईस परतले व हायकोर्टात वकिली करू लागले. एवढा विद्वान मनुष्य, पण त्यांचे बिऱ्हाड परळच्या चाळीत होते. प्लेगच्या साथीनंतर मुंबईची वस्ती सुधारण्यासाठी सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला होता; त्याच ट्रस्टची ही चाळ. दोन लहान खोल्या, सामाईक नळ आणि शेजारीपाजारी गिरणीकामगारांची कुटुंबे. त्या गजबजाटात त्यांचे वाचन रात्री उशिरापर्यंत चाले. मोठे सॉलिसिटर त्यांना कामे देत नसत. त्यांच्याकडे येत ते बहुधा गरीब पक्षकार.

२० मार्च १९२७ रोजी हजारो अनुयायांसह ते चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर गावातील काही लोकांनी परिषदेच्या प्रतिनिधींना मारहाण केली. आंबेडकरांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही. तळे पंचगव्याने शुद्ध करण्यात आले आणि नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. मुंबईहून आगबोटीने निघून आंबेडकर दासगावच्या बंदरात उतरले व तेथून महाडास पोहोचले. परिषदेसाठी जागा द्यावयास कोणी हिंदू तयार होईना. अखेर एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. दरम्यान, तळे खाजगी मालकीचे आहे असा दावा विरोधकांनी महाडच्या कोर्टात लावला होता आणि कोर्टाने तात्पुरता मनाईहुकूमही दिला होता. बॅरिस्टर स्वतःच प्रतिवादी झाले! जमलेले हजारो लोक तुरुंगात जाण्यासही सिद्ध होते. हाक दिली असती, तर ते तळ्यावर धावले असते. आंबेडकरांनी ती हाक दिली नाही. त्यांच्या उत्साही अनुयायांना तो निर्णय कडू वाटला असेल, यात नवल नाही. पण कोर्टात न्याय मागावयाचा, तर कोर्टाचा हुकूम पाळलाच पाहिजे, हे त्यांनी समजावून सांगितले आणि सत्याग्रह तहकूब केला.

तो दावा दहा वर्षे चालला. खालच्या कोर्टाचा निकाल १९३१ साली आंबेडकरांच्या बाजूने लागला. त्यावरील अपील मार्च १९३७ मध्ये हायकोर्टाने फेटाळले. तळे नगरपालिकेचे ठरले आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अतिप्राचीन असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही.

याच जिल्ह्यात, अलिबागेजवळच्या चरी गावी, १९३३ पासून शेतकऱ्यांनी खोतांच्या जुलमाविरुद्ध संप मांडला होता. आंबेडकरांनी त्यांची बाजू घेतली आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरखात्याचे सभासद झाले. सरकारी बांधकामे आणि दिल्लीतील सरकारी नोकरांच्या घरांचा प्रश्नही याच खात्याकडे होता. वीस वर्षांहून अधिक काळ चाळीत काढलेल्या माणसाकडे हा कारभार आला. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळशाच्या खाणींत स्वतः उतरले व मजुरांच्या वस्त्या त्यांनी हिंडून पाहिल्या. पुढच्याच महिन्यात सरकारचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर कर बसला आणि त्या पैशातून खाणमजुरांसाठी घरे, औषधोपचार, शिक्षण व पिण्याचे पाणी यांची सोय करावयाचे ठरले.