फुलामुलांचे कवी : रेव्हरंड टिळक

मुलांनो, आज रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट. त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी झाला. फुलांवर आणि मुलांवर त्यांनी इतक्या गोड कविता लिहिल्या की लोक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणू लागले.

१८९५ साली त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि घरावर आकाशच कोसळलं. पत्नी लक्ष्मीबाई चार-पाच वर्षं नातेवाइकांकडे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळकांकडे आल्या, पण आपलं सोवळं-ओवळं सांभाळूनच.

टिळकांचं कामच धर्मोपदेशाचं. तरी बायकोवर त्यांनी सक्ती केली नाही. ते जातपात पाळत नसत. अनाथ मुलांना त्यांच्या घरात आसरा असे. लक्ष्मीबाई हे रोज पाहत होत्या. जातिभेद माणसानंच केले, हे त्यांचं त्यांनाच पटलं. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळक १९१९ साली वारले. पुढे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिलं. त्यात नवऱ्याचा तापटपणा त्यांनी लपवला नाही. म्हणूनच त्यांच्या चांगुलपणावरही आपला विश्वास बसतो.

आम्ही आईवडील तुम्हाला सारखं सांगतो, घरात मराठी बोला. आणि आम्ही दोघं मात्र इथे ऑस्ट्रेलियात आपापसांत इंग्रजीत बोलतो! ही गोष्ट लिहिताना आम्हीच जरा ओशाळलो. या शनिवारपासून आधी आम्ही सुरुवात करू. तुम्ही नुसतं पाहा.